आठवी जागा

ग्रंथपालबाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि ती ओळ पुन्हा, जरा मोठ्यानं वाचली.

"मतदारसंघ फेररचना विधेयक. मत : बाजूने."

पलंगावर उशांना टेकून बसलेल्या अण्णांनी मान हलवली. काचबिंदूनं त्यांची नजर पार गेली होती. समोरचं माणूस म्हणजे खिडकीच्या उजेडातली एक सावली, एवढंच त्यांना दिसे. कान मात्र तिखट होते.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पुढचं वाचा."

चहाचे कप घेऊन आत येणारी त्यांची मुलगी उंबऱ्यातच थांबली.

बाई राज्याच्या विधिमंडळ ग्रंथालयातून आल्या होत्या. राज्यानं संसदेत आजवर पाठवलेल्या एकाहत्तर जणांची समग्र नोंद करण्याचं काम त्यांनी तीन वर्षांपूर्वी अंगावर घेतलं होतं, आणि निवृत्तीच्या आत ते हातावेगळं करायचं असा त्यांचा हट्ट होता. काय काय माणसं भेटली त्या कागदांत! पहिल्या निवडणुकीत निवडून आलेल्यांपैकी दोघे राजधानीला पोचेपर्यंत शपथविधी उरकलासुद्धा होता. एक महाशय पंधरा वर्षांत सभागृहात एकदाच बोलले, तेही "ती खिडकी लावून घ्या" एवढंच. एकाहत्तरांत बायका अवघ्या पाच. त्यांतल्या तिघी नवऱ्याच्या रिकाम्या झालेल्या खुर्चीवर आलेल्या. जे हयात आहेत त्यांना त्यांची नोंद वाचून दाखवायची आणि खाली सही घ्यायची, हा नियम बाईंनी स्वतःच घातला होता. मेलेल्या माणसाबद्दल चूक झाली तर तो तक्रार करत नाही. म्हणून जिवंत माणसाबद्दल तरी चूक का राहू द्यावी?

अण्णांचं पान त्या पुस्तकात वेगळं होतं. त्यांच्या नावाखाली मतदारसंघच संपत होता. राज्याच्या जागा आठ. खाण बंद पडली, माणसं पोटामागे निघून गेली, पुढच्या जनगणनेत गाव निम्म्यावर आलं आणि आठवी जागा इथून उचलून वरच्या डोंगरपट्ट्याला दिली गेली. आपला माणूस तिथे बसलेला असताना आपली जागा गेली, हे गावाच्या जिव्हारी लागलं. अण्णा परत आले तेव्हा लोक त्यांना पाहून रस्ता बदलत. न्हाव्यानं दाढी करायला नकार दिला.

मग हळूहळू वारं फिरलं. अण्णांनी विरोधात मत दिलं होतं, बिचारे एकटे पडले, अशी गोष्ट गावात रुजली. ती सांगितली मुलीनं : आधी शेजारणींना, मग दवाखान्याच्या रांगेत, मग शिक्षिका झाल्यावर शाळेत. आता ती तिथली मुख्याध्यापिका होती, आणि पुढच्या महिन्यात गावच्या नव्या वाचनालयाला अण्णांचं नाव द्यायचं होतं. "जागेसाठी शेवटपर्यंत झगडलेला माणूस," बसमधून उतरलेल्या बाईंना घराचा पत्ता सांगताना चौकातला घड्याळजी अभिमानानं म्हणाला होता. वाचनालय समितीचा अध्यक्ष तोच होता.

मुलीनं कप स्टुलावर ठेवले. हात पदराला पुसले.

"मॅडम, अण्णांना आता जुनं नीट आठवत नाही," ती म्हणाली. "ती नोंद चुकली असणार."

बाईंनी त्या दोघांकडे पाहिलं. घड्याळजीनं सांगितलेली वाचनालयाची गोष्ट त्यांच्या मनात घोळतच होती. बत्तीस वर्षांत त्यांनी कुणासाठी एक काना इकडचा तिकडे केला नव्हता. पण आपण परत जाईपर्यंत तरी या मुलीला आशा असू द्यावी असं त्यांना वाटलं.

"मी परत एकदा मूळ कार्यवृत्त पाहते," त्या म्हणाल्या. "नावं खालीवर होतात कधीकधी. त्या दिवशीची मतविभागणी साधारण कुठल्या पानावर—"

"दोनशे एकेचाळीस," मुलगी म्हणाली. "उजवा रकाना."

बोलून गेली आणि मग तिचा हात आपसूक तोंडाकडे गेला.

अण्णांनी चेहरा तिच्या दिशेनं वळवला.

"कधी पाहिलंस?"

"कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. तिथल्या ग्रंथालयात ते खंड होते."

"म्हणजे तुला ठाऊक होतं. आणि तरी गावभर सांगत फिरलीस?"

"तेव्हा तुमची दाढी मी करत होते, अण्णा."

अण्णांनी गालावरून हात फिरवला. मग हवापाण्याचं काही बोलावं तशा आवाजात ते म्हणाले की त्यांना आजवर वाटत होतं, पोरगी हे खरं मानते. बापाबद्दल एवढं तरी तिला धरून ठेवता यावं म्हणून ते गप्प बसले. लोक पाठीवर थाप मारत, तेव्हा ते मान खाली घालत. लोक त्याला विनय समजत.

"विचारलं का नाहीस कधी?"

"विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतंत. मग मला तोंड वर करून खोटं बोलता आलं नसतं."

मग तिनं विचारलं, मत बाजूनं का दिलंत. कॉटच्या कडेला बसून, पस्तीस वर्षांनी.

अण्णांनी फार लांबण लावली नाही. विधेयकावरच्या मतदानाआधी सुट्टीत आले असताना ते गावात दारोदार फिरले होते. खाणीच्या मागच्या गल्लीत सत्तावीस घरं, त्यांतल्या चारांत माणसं. मग डोंगरपट्ट्यात जाऊन आले. तिथे मत द्यायला लोक आदल्या दिवशी घरून निघत, आणि ज्याला मत देत तो निवडून आल्यावर त्यांच्याकडे फिरकत नसे. विधेयक तसंही मंजूर होणारच होतं. पक्षानंही सांगितलं होतं, तुम्ही खुशाल विरोध करा, आम्ही समजू.

"विरोध केला असता तर गावात मिरवणूक निघाली असती," ते म्हणाले. "पण मोजणी खोटी नव्हती गं. मी रिकाम्या घरांचा प्रतिनिधी होतो, आणि वरच्या भरल्या घरांना कुणीच नव्हतं."

मुलीनं चहाचा कप त्यांच्या हातात दिला, त्यांनी तो संपवेपर्यंत थांबली आणि मग कागद पुठ्ठ्यावर ठेवून त्यांचं बोट सहीच्या जागेवर टेकवलं. सही वाकडीतिकडी आली, पण पुरी आली.

बाईंना थांब्यापर्यंत सोडायला ती बरोबर निघाली. रस्ताभर बाईंनी शाळेबद्दल जेवढं विचारलं तेवढंच तिनं सांगितलं. चौकात घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळावर वाकला होता. त्यानं मान वर न करताच विचारलं,

"झालं का काम, मॅडम? काय काय लिहून घेतलंत अण्णांचं?"

बाईंनी उत्तर शोधायला तोंड उघडलं. त्याआधी मुलगी बोलली.

"अण्णांनी मत बाजूनं दिलं होतं. तेच लिहून घेतलं."

चिमटा थांबला. घड्याळजीनं भिंग काढलं. एका डोळ्याभोवती त्याचा लालसर गोल वळ उमटला होता.

"बाजूनं?"

"हो. मी सांगत होते ते खोटं होतं. त्यांनी मला तसं सांगायला कधी सांगितलं नव्हतं."

"आणि वाचनालयाची ती नावाची पाटी? रंगाऱ्याला दिलीय आपण."

"पाटीचं समितीनं ठरवावं," ती म्हणाली. "फक्त ठरवण्याआधी एकदा त्यांना भेटून या. चारपर्यंत जागे असतात."

बस आली. बाई मागच्या खिडकीशी बसल्या. गाडी वळेपर्यंत त्यांना दिसलं ते इतकंच : मुख्याध्यापिका शाळेच्या दिशेनं निघाली होती, आणि घड्याळजीनं भरदुपारी दुकानाची फळी लावली, डोक्यावर टोपी चढवली आणि तो अण्णांच्या घराकडचा चढ चढू लागला.