वाळूचे बारा पट्टे

नवव्या दिवशीही वाळू कोरीच निघाली, तेव्हा मावशींनी हातातली काठी जमिनीवर आपटली. जंगलात आवाज करायचा नाही हा त्यांचाच नियम, पण नियम पाळायला माणसाचं डोकं ठिकाणावर लागतं.

काम तसं साधं होतं. एका बाजूला रबराचा मळा, दुसऱ्या बाजूला बारमाही ओलं, दाट जंगल, आणि दोन्हींच्या मधून जाणाऱ्या पायवाटेवर नदीची बारीक वाळू पसरून केलेले बारा पट्टे. वर ताडपत्री ताणलेली, कारण इथे पाऊस दिवसातून चारदा हजेरी लावून जायचा. संध्याकाळी वाळू सपाट करायची, सकाळी उजाडल्यावर रात्री कोण चालून गेलं ते वाचायचं. बिबट्या आहे की नाही याचा निकाल दहा दिवसांत लावायचा. आहे असं निघालं तर मळ्यातल्या बायकांनी ऊन वर आल्यावरच झाडांचा चीक काढायला जायचं. नाही निघालं तर सोमवारपासून पुन्हा पहाटे चारला, कारण गारव्यात चीक जास्त गळतो. त्या बायकांमध्ये मावशींची एकुलती एक लेक होती. प्रत्येकीची रांग वेगळी, कपाळाला बॅटरी, आणि हाक मारली तर ऐकायला कुणी नाही.

बिबट्या होता. मावशींची उभी हयात जनावरांचा माग काढण्यात गेली होती. त्यांना हे सांगायला वाळू कशाला हवी? बुंध्यांवर नखांचे ताजे ओरखडे होते, वानरं खोकल्यासारखी ओरडत होती, वाटेकडेला केसांनी भरलेली विष्ठा पडली होती. पण वनखात्याकडून पाहणीवर आलेले साहेब, वय लेकीएवढं आणि बूट कोरे करकरीत, दर वेळी तेच सांगत. फॉर्ममध्ये फक्त पट्ट्यावरच्या पावलांना रकाना आहे, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो हवा, आणि तोही किमान तीन रात्रींचा. तिसऱ्या दिवशी मावशींनी ती विष्ठा कागदात बांधून थेट त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. साहेबांनी नाकाला रुमाल लावला, अदबीने पुडी परत केली आणि याला रकाना नाही म्हणाले.

घरी बोलायची सोय नव्हती. मावशींचे यजमान जन्मभर शिंपीकाम केलेले. अख्खी वसाहत त्यांना मास्तर म्हणायची. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याच्या छातीचं माप त्यांच्या नजरेत बसलेलं असायचं. स्वतःचा चष्मा मात्र त्यांना रोज बायकोने शोधून द्यावा लागे. सुईत दोरा ओवता येईना तेव्हा मशीन विकलं, आणि रिकामा बसलेला नवरा डोक्याला ताप म्हणून मावशींनीच साहेबांना गळ घालून त्यांना संध्याकाळी वाळू सपाट करायच्या कामावर लावलं होतं. मास्तर लाकडी फळी घेऊन असे काही बसत की वाळू इस्त्री मारल्यासारखी वाटे. जंगलाची त्यांना भयंकर भीती. दिवस मावळायच्या आत ते खोलीत हजर असत आणि आल्यावर दोनदा कडी तपासत.

तर नवव्या दिवशी काठी आपटून झाल्यावर मावशी पट्ट्याकडेला मटकन बसल्या. रागाने बघत होत्या, म्हणून नीट बघत होत्या. वाळूवर बिबट्याचं पाऊल नव्हतं. उंदराचं नव्हतं. एखादा किडा रांगत गेल्याची रेघ नव्हती, वाऱ्याने आलेलं एक पान नव्हतं. या जंगलात माणूस तासभर झोपला तरी अंगावरून पन्नास जीव चालून जातात, आणि इथे अख्खी रात्र एक मुंगी फिरकली नाही? मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणीतरी पहाटे येऊन पट्टे पुसत होतं, आणि मावशी नऊ दिवस मोठं पाऊल शोधण्याच्या नादात लहान पावलं कुठे गेली हे विचारायलाच विसरल्या होत्या. त्यांनी आधी स्वतःला दोन शिव्या घातल्या, मग मळ्याच्या मुकादमाला चार. पहाटे चारची वेळ त्यालाच हवी होती.

दहाव्या दिवशी त्या उजाडायच्या आत निघाल्या. शेजारचं अंथरूण रिकामं होतं, पण मास्तरांना पहाटे पोटाची तक्रार असतेच, रोजचंच ते. मुकादमाला रंगेहाथ पकडून काय काय सुनवायचं याची जुळवाजुळव करत त्या पायवाटेला लागल्या. दहा पट्टे गुळगुळीत. अकराव्यावर बॅटरीचा उजेड, आणि उजेडात गुडघे टेकून बसलेले मास्तर, हातात फळी.

मावशींनी विचारलं, हे काय चाललंय. मास्तर म्हणाले, कुणाचा तरी पाय पडला होता.

"कुणाचा?"

मास्तरांना खोटं बोलता येत नसे. "सव्वातीन इंची," ते म्हणाले.

"रोज?"

"रोज." त्यांनी फळी पोटाशी धरली. "पाऊल सापडलं की त्याच्या मागे झाडीत जाऊन कॅमेरा बांधायचा असतो ना तुला? मागच्या वेळी गेलीस तेव्हा खांद्याला अठ्ठावीस टाके पडले. मी दवाखान्यात बाहेर बाकावर बसून होतो. परत नाही बसणार मी त्या बाकावर."

"आणि पोरीचं काय हो?"

"तिचं काय? ती मळ्यात असते. जंगलात कुठे जाते?"

मावशींनी डोळे मिटून घेतले. लहान मुलाला हात धरून शिकवावं तसं त्यांनी पन्नाशी उलटलेल्या मास्तरांना उठवलं आणि बाराव्या पट्ट्यापाशी नेलं. तो अजून पुसायचा होता. ओली, ठसठशीत पावलं एका रांगेत वाळू ओलांडून गेली होती, आणि त्यांच्या बाजूने तशीच, पण चिमुकली.

"कुठल्या बाजूला तोंड आहे त्यांचं?"

मास्तरांनी बॅटरी फिरवली. आधी पावलांवर, मग पावलं जिकडे जात होती तिकडे. रबराच्या झाडांची पहिली रांग उजेडात आली, प्रत्येक बुंध्याला टांगलेली वाटी.

"मळ्याकडे," ते म्हणाले. "दहाही दिवस मळ्याकडेच." आणि फळी त्यांच्या हातातून गळून पडली.

साहेब आले ते जांभया देत. पावलं बघून त्यांची झोप उडाली, पण लगेच फॉर्मही आठवला. ही एकच रात्र झाली, तीन हव्यात. मावशी काही जहाल बोलणार एवढ्यात मास्तर पुढे आले आणि रोज पट्टे आपणच पुसल्याचं त्यांनी कबूल केलं. मग शाळेतल्या मुलासारखे हात बांधून ते सांगू लागले. पहिली रात्र, चौथा पट्टा, पुढचं पाऊल सव्वातीन, मागचं तीन. दुसरी रात्र, सातवा पट्टा, सोबत पिल्लू, पावणेदोन इंची. तिसऱ्या रात्री उजवा मागचा पाय जरा आखडून टाकलेला. असं करत दहाही रात्री. साहेबांनी बाराव्या पट्ट्यावर मोजपट्टी टेकवली. सव्वातीन. पिल्लाचं पावणेदोन. उजव्या मागच्या पायाचा ठसा खरंच उथळ होता.

साहेबांनी पेन उघडलं. फॉर्मला शेरा लिहायला खाली दोन ओळी होत्या, त्यात हे सगळं मावेना, म्हणून त्यांनी मागची बाजू वापरली. मास्तरांना काम गेल्याचं सांगितलं, त्यांचा जबाब लिहून सही घेतली आणि निकाल लिहिला: मादी, सोबत पिल्लू, मळ्यात ऊन वर आल्याशिवाय कुणी जाऊ नये. नऊ दिवस डोकेफोड करून जे मिळालं नव्हतं ते पाच मिनिटांत कागदावर उतरलं. मावशींना त्या कागदाचाही रागच आला.

मग नियमाप्रमाणे माग काढून कॅमेरा बांधायचा होता. मावशींनी पिशवीकडे हात नेला, पण ती मास्तरांनी आधीच खांद्याला अडकवली होती आणि ते झाडीच्या तोंडाशी जाऊन उभे होते.

"पुढे नाही. माझ्या मागे," मावशी म्हणाल्या. "आणि तोंड बंद."

मास्तर मुकाट्याने मागे आले. पन्नास पावलं गेल्यावर मावशींच्या कानावर बारीक कुडकुड आली. कुठलं जनावर म्हणून त्या थबकल्या. मास्तरांचे दात वाजत होते. पाय लटपटत होते, घामाने सदरा पाठीला चिकटला होता, आणि आता तर दिवस उजाडला होता, सोबत त्या होत्या. रोज पहाटे मात्र हा माणूस असाच लटपटत, अंधारात, हातात एक फळी घेऊन एकटा इथवर आला होता. बिबट्याचं ओलं पाऊल समोर असताना गुडघ्यावर बसला होता, आणि बारा पट्टे पुरे झाल्याशिवाय उठला नव्हता.

मावशींना त्याचा इतका राग आला की त्यांचे डोळे भरून आले आणि समोरचा माग काही केल्या दिसेना.