नंबरचा गॉगल

चष्मेवालीने जुन्या फ्रेमचा बारीकसा स्क्रू सैल केला आणि उजवी काच अंगठ्याने दाबून बाहेर काढली. काच फडक्यावर ठेवून तिने ती उगाचच दोनदा पुसली. समोरच्या स्टुलावर कप्तानांची बायको बसली होती. कप्तानांना जाऊन पाच आठवडे झाले होते.

“काचा माझ्या नंबरच्या घाल,” वहिनी म्हणाल्या. “फ्रेम ह्यांचीच राहू दे.”

“मोठी होईल तुम्हाला. नाकाला पॅड लावून देते.”

पोहण्याच्या तलावातली चौथी लेन त्यांच्या सहा जणांची. सगळे चाळिशी ओलांडलेले, कुणी बेकरीवाला, कुणी मास्तर. पण स्पर्धा जवळ आली की लहान पोरांपेक्षा हट्टी. नऊ वर्षं कप्तान सगळ्यांत पुढे. भिंतीवरच्या घड्याळाचा लाल काटा साठवर आला की ते सुटायचे, पाच सेकंदांनी चष्मेवाली, मग बाकीचे. मागच्याला पुढे जायचं असेल तर त्याने पुढच्याच्या टाचेला बोट लावायचं आणि पुढच्याने भिंतीशी थांबून वाट द्यायची, एवढाच लेनचा कायदा. तिचं बोट कधी चुकून लागलंच, तर कप्तान म्हणायचे, “सकाळी सकाळी पाया पडलीस, सुखी राहा!” आणि अख्खी लेन हसायची.

आता काटा साठवर येतो तेव्हा कुणीच सुटत नाही. कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी कुणाचा पाय हलला नाही आणि तीच सवय पडली. पाच सेकंद सगळे नुसते पाण्याकडे बघतात, मग चष्मेवाली सुटते. परवा बेकरीवाला म्हणाला होता, “आता तूच पुढे हो की. कप्तानांनाही तेच आवडलं असतं.” तिने ऐकलंच नाही असं दाखवलं.

कारण कप्तान गेले त्या सकाळी तिचं बोट चुकून लागलं नव्हतं. चारशे मीटरचा सराव चालला होता. निम्मं अंतर होता होता तिने कप्तानांच्या टाचेला बोट लावलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर जरा जोरातच. ते थांबले, एका हाताने काठ धरला आणि दुसऱ्याने ‘जा’ अशी खूण केली. ती गेली. त्यानंतर ती त्या भिंतीशी तीन वेळा येऊन वळली आणि तिन्ही वेळा तिला त्यांचा चेहरा दिसला. तोंड उघडं, ओठ राखाडी. रुसलेत, असं तिने स्वतःला सांगितलं. चौथ्यांदा भिंतीला हात लावला तेव्हा तिने आजवरची सगळ्यांत चांगली वेळ दिली होती, आणि कप्तान तिथे नव्हते. ते कपडे बदलायच्या खोलीत बाकावर सापडले.

त्या दिवशी जो तो वहिनींना म्हणाला, काही कळलंच नाही हो. चष्मेवालीही म्हणाली, “मला पाण्यात कुठे काय दिसतं, वहिनी?” ते सगळ्यांना पटलं. चष्मा काढला की ही बाई काठावरच्या खुर्चीचीही विचारपूस करते, हा लेनचा जुना विनोद होता. स्पर्धेसाठी तिने महिन्यापूर्वीच गुपचूप स्वतःच्या नंबरचा गॉगल बनवला होता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवसानंतर तिने तो घातला नाही. साधा गॉगल लावून ती आंधळ्यासारखी पोहायची, लेनच्या दोरीवर आपटायची, आणि खांद्यावरचे ओरखडे बघून तिला जरा बरं वाटायचं. लाज वाटायची ती वाटायचीच.

तक्त्यावरचे आकडे वाचायला लावून तिने वहिनींचे डोळे तपासले.

“वजा साडेतीन,” ती म्हणाली. “माझ्याइतकाच.” आणि पॅड आणायला आत गेली.

परत आली तेव्हा वहिनींच्या हातात तो नंबरचा गॉगल होता. काचांच्या खोक्याशेजारी तो इतके दिवस पडून होता. टाकवतही नव्हता, उचलवतही नव्हता.

“आमच्या घरी असले चार पडलेत,” वहिनी कौतुकाने म्हणाल्या आणि त्यांनी तो सहज डोळ्यांशी धरला. मग समोरच्या तक्त्याकडे बघत त्या थांबल्या.

“पाच,” त्यांनी वाचलं. “तीन. नऊ. आठ.”

ती सगळ्यांत खालची ओळ होती. वहिनींनी गॉगल हळूच खाली घेतला.

“हा तुझा?”

“हो.”

“त्या दिवशी हाच होता?”

नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“हाच होता,” चष्मेवाली म्हणाली, आणि मग तिला थांबता येईना. “मीच थांबवलं त्यांना, वहिनी. तीनदा दिसले मला. मी आपली पुढे जात राहिले. तेव्हाच हात धरून बाहेर काढलं असतं तर... माफ करा हो मला.”

वहिनींनी गॉगल खोक्याशेजारी ठेवून दिला.

“पाच आठवडे एकेकाला विचारते आहे,” त्या म्हणाल्या. “बेकरीवाल्याला, मास्तरांना, तलावाच्या रखवालदारालासुद्धा. सगळ्यांचं एकच, दिसलं नाही. एवढी माणसं होती, आणि शेवटी ह्यांच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही, असं धरून बसले होते मी.”

“वहिनी...”

“माफीचं नंतर बघू. तुझ्यावर किती रागवायचं, ते मला अजून कळत नाहीये.” त्यांनी स्टूल पुढे ओढलं. “आधी सांग. कसे दिसत होते?”

चष्मेवालीने दुकानाचं दार लावून घेतलं आणि समोर येऊन बसली.

“पहिल्यांदा मी वळले तेव्हा त्यांची मान खाली होती. दुसऱ्यांदा माझ्याकडेच बघत होते. तिसऱ्यांदा त्यांनी हात वर केला होता. मला वाटलं, पुन्हा ‘जा’ म्हणतायत.”

वहिनींनी आपला हात वर केला, तळवा बाहेर, बोटं ताठ.

“असा?”

चष्मेवालीने त्यांचं मनगट धरून हात थोडा खाली घेतला, तळवा त्यांच्याच बाजूला वळवला आणि बोटं एकेक करून जराशी मिटवली, कुणाला जवळ बोलावताना मिटतात तशी.

“असा,” ती म्हणाली.