गच्चीवरचा खांब

फोटोग्राफरने पाना बोल्टवर बसवला आणि सगळं बळ एकवटून पिळला. बोल्ट तसूभरही हलला नाही. मग त्याने खांबच दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिला. खांब ढिम्म.

मग कॅमेरा सरकतो तरी कसा?

गच्ची त्याच्या थोरल्या भावाची. दादाने नोकरीभर पैसा जमवून, हौसेने बांधलेलं घर. समोर खोल खड्डा खणून मोठी इमारत उभी राहत होती, आणि ती पायापासून शेवटच्या मजल्यापर्यंत वाढताना टिपण्याचं काम बांधकाम कंपनीने याला दिलं होतं. गच्चीच्या कठड्यात लोखंडी खांब, त्यावर पाणी न शिरणारी पेटी आणि पेटीत कॅमेरा. ठरावीक वेळाने एक फोटो, असं इमारत पुरी होईपर्यंत. एकदा बसवला की कोणी बोटही लावायचं नाही, असं त्याने घरातल्या सगळ्यांना बजावलं होतं. सगळे म्हणजे दादा आणि वहिनी, दोघंच.

तरी गेले काही आठवडे चित्र बिघडत होतं. पार लांबची पाण्याची टाकी प्रत्येक फोटोत कणाकणाने वर चढत होती. म्हणजे कॅमेरा मान खाली घालत होता.

संशय अर्थातच वहिनीवर. खांबाला दोरी बांधून ओल्या चादरी टाकत असणार! मागच्या खेपेला त्याने ते बोलूनही दाखवलं, तेही दादासमोर. दादाने हसण्यावारी नेलं, तुझ्या वहिनीची ताकद तुला आत्ता कळली होय, म्हणाला. वहिनी मात्र हसली नाही. त्या दिवसापासून तिने गच्चीवर पाऊल टाकलं नव्हतं. कपडे घरातच खुर्च्यांच्या पाठीवर वाळत होते.

आणि याने काय करावं? कॉम्प्युटरपुढे बसून एकेक फोटो टाकीशी जुळवून सरळ केला. कंपनीला फिल्म गेली ती अगदी सुतात. तिथले साहेब खूश झाले, हाही फुशारला.

आज त्याने पिशवीतून पाणसळ काढून खांबाला लावली. खांब बसवताना त्यानेच मध्यावर आणलेला तिच्या नळीतला बुडबुडा आता बाजूला गेला होता. खांब खड्ड्याकडे झुकला होता. चला, निदान कारण तरी सापडलं, असं वाटून त्याला जरा हायसं वाटलं. मग त्याने पाणसळ कठड्यावर ठेवली. बुडबुडा तेवढाच बाजूला. गच्चीला उतार असतो, पाणी वाहून जायला. पण जिन्याच्या खोलीच्या भिंतीला कशाला असेल? तो भिंतीशी गेला, पाणसळ टेकवली आणि तिथेच थांबला.

भिंतही खड्ड्याकडे तेवढीच कलली होती.

म्हणजे अख्खं घरच झुकत होतं. कॅमेरा इतके दिवस हेच दाखवत होता, आणि आपण खुर्चीत बसून, चहाचे घोट घेत ते पुसत होतो. समोर यंत्राने दणका दिला. तो त्याला तळपायांत जाणवला.

तो जिना उतरून स्वयंपाकघरात आला. वहिनी चहा गाळत होती. झाला का सरळ, एवढंच तिने मान वर न करता विचारलं.

"वहिनी, गॅस बंद करा. दादाला उठवा."

"आत्ता कुठे डोळा लागलाय त्यांचा."

"उठवा. आणि मागच्या दाराने बाहेर चला, दोघंही. काही घेत बसू नका."

वहिनीने गाळणी खाली ठेवली. त्याचा चेहरा पाहून तिचे डोळे भरून आले.

"भाऊजी, मी खरंच हात लावला नाही हो त्याला."

"माहीत आहे," तो कसंबसं म्हणाला, आणि दादाला उठवायला स्वतःच आत गेला.