एकेचाळीस कॅमेरे

“मान जरा उजेडाकडे कर. हं, बस्स!”

खिडकीपाशी बसलेल्या बायकोवर मास्तरांनी कॅमेरा रोखला. आतला काटा थरथरला, वर सरकला. खटका दाबताच टिक् झालं आणि मास्तरांचा चेहरा खुलला.

“बघ, म्हातारं यंत्र, पण उजेड अजून स्वतःच मोजतंय!”

“ते असू दे. माझा फोटो कसा आला ते दाखवा आधी. मागचेही धुवायचे राहिलेत.”

“आणतो गं, एकदम सगळे.”

वीजकंपनीत मीटर दुरुस्त करण्यात उभा जन्म गेला, म्हणून लोक त्यांना काटेमास्तर म्हणत. उजेड आपोआप जुळवून घेणारे पहिल्यावहिल्या जमान्यातले कॅमेरे ते जुन्या बाजारातून मोडक्या अवस्थेत उचलून आणत, खटपट करून चालू करत, बायकोवर तपासत आणि कपाटात ठेवून देत. असे एकेचाळीस झाले. रीळ मात्र त्यांनी एकातही कधी भरलं नाही. काटा हलला, की त्यांचं काम संपलं. खरं सांगून टाकावं असं कितीदा मनात येई. पण ती केस नीटनेटके करून बसलेली असे, आणि ते राहून जाई.

एका दुपारी भाजी चिरता चिरता ती कलंडली, ती उठलीच नाही.

परगावची लेक आली. चार दिवसांनी म्हणाली, “बाबा, आईचे फोटो बाहेर काढा ना. एक मोठा करून घेऊ.”

मास्तर उठून कपाटापाशी गेले.

“अहो बाबा, आई फोनवर दरवेळी सांगायची. आज यांनी फोटो काढला, मी ठेवणीतलं नेसले होते...”

“रीळ नव्हतं.”

“कुठल्या कॅमेऱ्यात?”

“कुठल्याच.”

लेक मग आत गेली आणि आईचं वाचनालयाचं ओळखपत्र आणून तिने त्यांच्यापुढे ठेवलं. “यावरचा मोठा करून आणा,” एवढंच म्हणाली.

फोटोवाल्याने तो टिकलीएवढा फोटो भिंगाखाली धरला.

“होईल, काका. शिक्क्याची शाई ब्रशने घालवतो. पण हनुवटीपाशी हा ठिपका आहे बघा. तीळ आहे की शाईच उडालीय? डाग असला तर काढून टाकतो.”

मास्तर वाकून बघत राहिले. तो चेहरा त्यांनी शेकडो वेळा कॅमेऱ्यातून पाहिला होता. नजर मात्र काट्यावर होती. टेबलावर फोन होता. लेकीला विचारता आलं असतं. त्यांनी रिसीव्हर उचलला, आणि परत ठेवला.

“ठिपका राहू द्या,” ते म्हणाले.