टँकच्या तळाशी सभा

पोहण्याच्या टँकमधलं पाणी काढलं की तो केवढा खोल आहे ते कळतं. मासोळीला हे त्या हिवाळ्यात कळलं. आजवर ती काठावर शिट्टी घेऊन उभी राहिलेली. बायकांना पोहायला शिकवायचं हे तिचं काम, आणि मासोळी हे त्याच बायकांनी ठेवलेलं नाव. आता खाली निळ्या टाइल्सवर माणसं झोपत होती. देश जळाला म्हणून आसरा मागत आलेली माणसं. सरकारच्या डोक्याला दुसरी जागा सुचली नाही, टँक उपसला आणि गाद्या टाकल्या. काचेच्या छतातून दुपारचं ऊन उतरलं की त्या गाद्या तरंगल्यासारख्या दिसत. म्हातारी माणसं उथळ बाजूला, तरणीताठी खोल बाजूला. कुणी नेमून दिलं नव्हतं. उतारानेच वाटणी केली होती.

मासोळीला त्यांचा राग यायचा. उगाच गोड कशाला बोला? यायचा. सकाळचा बायकांचा तास तिने भांडून मिळवला होता. बायका पाण्यात उतरणार म्हणजे काय, असं विचारणाऱ्यांची तोंडं एकेक करून बंद केली होती. आणि आता थंडी सरायच्या आत टँक सुरू झाला नाही, तर पुढे तो तास क्लबच्या पुरुषांकडे जाणार, असा नगरपालिकेचा ठरावच झालेला.

एका दुपारी ती तरंगायच्या फळ्या न्यायला आत गेली. गुळगुळीत काठावरून पोरं पळत होती. पडून डोकी फुटतील म्हणून सवयीने तिने शिट्टी फुंकली.

खालची सगळी माणसं उठली. बोचकी काखेत, तान्ही पोरं कडेवर, तोंडं दाराकडे. रांग लागलीसुद्धा. काय झालं, कुठे जायचं, कुणी विचारलं नाही. कुठकुठल्या छावण्यांत कोणी कोणी शिट्ट्या मारून ह्यांना उठवलं होतं, देव जाणे.

"बसा हो, बसा! पोरांसाठी होती ती!"

कुणी बसेना. शेवटी ती स्वतःच काठावर फतकल मारून बसली. तेव्हा कुठे एकेक जण खाली टेकला, ढवळलेल्या पाण्यात गाळ बसावा तसा, सावकाश.

त्या दिवसापासून तिचा राग बिघडला. होता तिथेच, पण नीट पेटेना.

मग सभा ठरली. ह्यांना थंडी संपेपर्यंत इथे राहू द्यायचं, की याच आठवड्यात माळावरच्या तंबूंत हाकलायचं? वस्तीने हात वर करून सांगायचं, आणि नगरसेविका ते वर कळवणार. नगरसेविका म्हणजे मासोळीची वहिनी, थोरल्या भावाची बायको. सभा टँकच्याच गॅलरीत, कारण एवढी माणसं मावतील अशी जागा दुसरी नव्हती.

"वन्सं, पहिला हात तुम्ही करा वर, तंबूच्या बाजूने," वहिनी लाडात आली की अहो-जाहो करायची. "तुमचा तास जातोय. तुम्हाला कोण खोटं पाडणार?"

"म्हणजे बंदूक तुमची, खांदा माझा."

"तास हवाय ना?"

"हवाय." खरंच हवा होता.

सभा सुरू झाली आणि लगेच बाजार झाला. औषधवाला कठड्यावरून वाकून ओरडत होता, त्याच्यावर दुसरे ओरडत होते. आणि खाली, त्या निळ्या खोलीत, माणसं पुन्हा बोचकी उचलून उभी राहिली होती. तोंडं दाराकडे.

मासोळीचं टाळकं सटकलं.

"वरून काय बघताय? मासे आहेत का ते? भांडायचंय ना, मग खाली चला! चपला-बूट इथेच काढा. टँकमध्ये ते चालत नाहीत, आणि हा नियम अजून कुणाच्या बापाला मोडता आलेला नाही."

"अगं, काहीतरीच काय!" वहिनी म्हणाली. पण मासोळी शिडी उतरू लागली होती. मग वहिनीला उतरावंच लागलं, आणि मागून सगळी वस्ती, अनवाणी, कठडे धरून, गार टाइल्सवर पाय आखडत. खालच्यांनी गाद्या सरकवून जागा केली.

औषधवाल्याने पुन्हा आवाज चढवला. चारी भिंतींवर आपटून तो परत आला, स्वतःलाच तुडवत. एक शब्द कळेना. तो दचकून थांबला.

"हळू बोला," मासोळी म्हणाली. "इथे हळू बोललेलंच ऐकू येतं."

मग बोलणं बदललं. पाण्याखालून आल्यासारखे शब्द यायला लागले, एका वेळी एकाचेच.

"ह्यांची पोरं दिवसभर माझ्या पायरीवर बसतात," औषधवाला पुटपुटला. "गिऱ्हाईक आत येत नाही. खोटं आहे का हे?"

"खरं आहे," त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला. घड्याळं दुरुस्त करणारा होता, भाषा थोडी शिकला होता. "पायरीवर ऊन येतं. इथे गारठा."

"मग मला सांगायचं ना!"

"तुम्ही ओरडत होता."

कुणीतरी हसलं, आणि ते हसू भिंतीभिंतीने फिरून खूप वेळाने विझलं.

वहिनीने विचारलं, "थंडीभर राहू द्या म्हणणारे?"

सगळे मासोळीकडे बघत होते. पाण्यात हात आपोआप वर येतो. इथे पाणी नव्हतं, हात शिशाचा झाला होता. तिला सकाळचा तास दिसला, बायकांच्या हसण्याने हललेलं पाणी, आणि ते दूर दूर जायला लागलेलं. तिने हात वर केला. मग बाकीचे हात उगवले. सगळे नाही, पण पुरेसे.

"माझा विरोध आहे, लिहून घ्या," औषधवाला म्हणाला.

"घेतला."

"आणि पोरांना सकाळी बसू दे. गिऱ्हाईक दुपारनंतर असतं."

दुसऱ्या दिवशी फाटकावर तिच्या तासाच्या बायका उभ्या. पुढे शिवणवाली, पाण्याची भीती घालवायला जिला सगळ्यात जास्त वेळ लागला होता ती.

"तो तास तुझ्या बापाचा होता का गं?"

"नव्हता."

"आम्हाला विचारलंस?"

"नाही."

"का नाही?"

सगळ्यांना हळू बोलायला लावून ती आपल्याच माणसांशी मात्र बोलली नव्हती. बायका आळीपाळीने बोलत राहिल्या, ती मान खाली घालून ऐकत राहिली.

"झालं आमचं," शेवटी शिवणवाली म्हणाली. "आता चल वहिनीकडे. थंडी सरली की तास आमचाच, असा नवा ठराव हवा. आणि ह्या वेळी मी बोलणार. तू मागे उभी राहा."

मासोळी मागे चालायला लागली.