आमचा नसलेला आवाज

मी एक जुना माइक आहे. गायकाच्या हातात मिरवणारा नव्हे. लांब काठीच्या टोकाला टांगलेला आणि चुकून कॅमेऱ्यात दिसलो की शिव्या खाणारा. वाऱ्याची सळसळ येऊ नये म्हणून मला केसाळ टोपडं घालतात. खेड्यातली पोरं मला मांजर समजून माझी शेपटी शोधायची.

माझे मालक कोल्हापूरचे बाबालाल, सिनेमाच्या शूटिंगचे आवाज टिपणारे. बावीस वर्षं त्यांनी मला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. शूटिंगला गेले की ते आधी पिठाची गिरणी बंद करायला सांगत, कोंबड्या हाकलायला लावत. लोक वैतागत. पण नटीचा खरा हुंदका मी टिपला की बाबालालांचा चेहरा खुलायचा. त्यांचं नाव मात्र पडद्यावरून सर्रकन निघून जाई आणि तोवर प्रेक्षक उठलेले असत.

मित्रांनो, तीन वर्षांपूर्वी शिरोळजवळ एका चित्रपटाचं काम झालं. उसाला पाणी देणाऱ्या मोटारी चालू होत्या. पीक वाळत होतं, त्या कोण बंद करणार? प्रत्येक वाक्यात घरघर शिरली. शेवटी निर्माते पृथ्वीराज यांनी सगळे आवाज पुण्याच्या स्टुडिओत नव्याने करून घेतले. आमचा एकही आवाज उरला नाही. पुरस्काराच्या अर्जात मात्र 'चित्रीकरणस्थळी ध्वनिमुद्रण' या रकान्यात बाबालालांचं नाव तसंच राहिलं. आणि नेमका तोच पुरस्कार जाहीर झाला!

मला पिशवीत घालून बाबालाल तडक पृथ्वीराजांकडे गेले.

"मालक, त्यात माझा एकबी आवाज न्हाय. नाव काढा."

"बाबालालभाई, कुणाला कळतंय? आता नाव काढलं तर पिक्चरची अब्रू जाईल की! इतकी वर्षं राबलाय, घ्या गुमान."

बाबालाल मला घेऊन तसेच माघारी फिरले. मी तरी काय करणार? आम्ही दुसऱ्याचं ऐकतो, स्वतःचं बोलता येत नाही. इतका लाचार मी कधीच झालो नव्हतो.

समारंभात टाळ्या पडल्या. ट्रॉफी घरी आली आणि कपाटावर माझ्या शेजारी बसली. शेजारपाजारचे पेढे खाऊन गेले. मग एका रविवारी तो चित्रपट टीव्हीवर लागला. बाबालालांची धाकटी मुलगी इरम टीव्हीला खेटून बसली. वडिलांचं काम ती पहिल्यांदाच ऐकणार होती. पडद्यावर नदी खळाळली.

"अब्बा, ह्यो आवाज तुम्ही घेतलाय व्हय?"

बाबालालांनी माझ्याकडे पाहिलं, ट्रॉफीकडे पाहिलं.

"व्हय," ते म्हणाले.

इरमने आवाज वाढवला आणि ती मन लावून ऐकू लागली. बाबालाल उठून बाहेर गेले. त्यानंतर त्यांनी मला हातात घेतलेलं नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण घरातल्या माणसाला बक्षीस मिळायची वाट पाहू नका. तुम्ही काय काम करता, मला ऐकवा, असं त्याला आजच म्हणा. बाबालालांना बावीस वर्षांत हे कुणी म्हटलं नाही. लेकीने विचारलं ते बक्षीस मिळाल्यावर, आणि तेव्हा त्यांना खोटं बोलावं लागलं.