पाय दिसले पाहिजेत

दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. कापड दुकानाचा दुसरा मजला. गिऱ्हाइकासमोर तागा उलगडता उलगडता थोरली विक्रेती कोसळली. मी तिच्यापासून दोन हातांवर होतो, आणि रिकामा होतो.

मी त्याच दुकानातलं स्टूल. माणसाचे दोन पाय दमतात म्हणून सुताराने मला चार दिले. पण मुकादम गुरकायचा, "ते गिऱ्हाइकासाठी आहे!" दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या एकतीस बायकांपैकी एकीलाही माझ्यावर टेकायची मुभा नव्हती.

थोरली पडली ती माझ्यावरच. माझा पाय मोडला, तिचा खुबा. मला फुटपाथवर फेकलं. तिला आठवड्यात काढून टाकल्याचं पत्र गेलं.

उरलेल्या तीसच्या तीस जणींनी काम बंद केलं. मागण्या दोनच : बसायला द्या, थोरलीला परत घ्या. मालक सांगत सुटला, "चार जणींनी भडकवलंय. बाकीच्यांची तक्रारच नाही."

समोरच्या पासपोर्ट फोटोवाल्याला ते सहन झालं नाही. त्याने माझा पाय सुतळीने आवळला. "ताई, एकेक जण बसा. कोण कोण आहे ते दिसू दे त्याला."

पण बिचाऱ्याची जन्माची सवय! तीसही फोटो छातीपर्यंतच.

"अहो भाऊ, हे काय नोकरीच्या अर्जाला चिकटवायचेत?" रेशमी काउंटरची ताई कडाडली. "आम्ही बसलोय हे कुठे दिसतंय? पाय दाखवा, पाय!"

फोटोवाला ओशाळला. मागे सरकत सरकत पार रस्त्यावर गेला. पुन्हा तीस फोटो निघाले : ताठ माना, सुजलेले घोटे, निळ्या शिरा आणि खाली मी. दुकानासमोरच्या कठड्यावर ते टांगले. गिऱ्हाइकं बघायची आणि पायरी न चढताच परतायची. नवव्या दिवशी प्रत्येक काउंटरमागे स्टूल आलं.

त्या बायकांचे, त्या फोटोवाल्याचे उपकार मी कसे फेडू? अडगळीच्या लाकडाला त्यांनी माणसांत आणलं.

आता मी थोरलीच्या घरी खिडकीपाशी असतो. एकतिसावा फोटो इथेच निघाला. मला थोपटत ती म्हणते, "तूही लंगडा, मीही लंगडी. बरं जमलं आपलं!"

तिचं पत्र तिथेच खिडकीत आहे. कारण एका ओळीचं : 'दिवसभर उभे राहता येत नाही.' त्या दुकानात आता दिवसभर कुणीच उभं राहत नाही. तरी तिला अजून परत बोलावलेलं नाही.